घरच्या कारभाऱ्याची बदली

जुन्या संस्थानांत दिवाण बदलला म्हणजे कांहीं दिवस राज्याचा गाडा कुरकुरत चाले. कोणत्या कोठाराची किल्ली कोणाजवळ आहे, कोणत्या सावकाराचें देणें केव्हां फेडावयाचें आहे, कोणता किल्लेदार बोलण्यानें वळतो आणि कोणता लेखी हुकुमावांचून हलत नाहीं, हें नव्या माणसाला कांहींच ठाऊक नसे. आणि जुना दिवाण जर अकस्मात् निघून गेलेला असेल, तर दप्तर असूनहि राज्य आंधळें होई. आज मला ज्या बदलीविषयीं बोलावयाचें आहे ती एवढ्या थोर अधिकाऱ्याची नाहीं. ती आहे तळहाताएवढ्या एका पेटीतील कारभाऱ्याची. तथापि ज्या घरांत ही पेटी आली आहे त्या घरच्या माणसांना, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, ही बदली नीट झाली कीं नाहीं याचें सुखदुःख संस्थानाच्या रयतेइतकेंच भोगावें लागतें; म्हणून या विषयावर चार शब्द बोलणें मला अवश्य वाटतें.

गिरगांव, दादर, परळ, लालबाग या आपल्या भागांतील कांहीं घरांत अलीकडे गृहस्वयंचालनाची सोय झालेली दिसते. रात्रीं कोणी उठलें तर बोळांतला दिवा आपोआप लागतो. पहाटे नळाला पाणी आलें आणि माळ्यावरची टाकी भरली कीं झडप आपोआप बंद होते. दार उघडें राहिलें तर घंटा वाजते. औषधाची वेळ झाली कीं आठवण होते. हें सर्व घडविणारी जी पेटी असते ती म्हणजे एक लहानसा संगणक. केंब्रिज येथें तयार झालेला रासबेरी पाय नांवाचा असा संगणक २०१२ च्या फेब्रुवारींत विक्रीस आला. तो मुलांना संगणकाची विद्या शिकतां यावी म्हणून काढलेला होता. पण लॅमिंग्टन रोडवरील दुकानांतून तो तरुण मुलांच्या हातीं पडला, आणि त्यांनीं तो घरच्या कामाला जुंपला.

या व्यवस्थेचे तीन थर असतात, ते आधीं ध्यानांत घेतले पाहिजेत. पेटी ही कचेरीची खोली. त्या खोलींत मूळ कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, असते. ती कचेरीचा कायदा व दप्तरखाना होय. कोणी कोठें बसावें, कोणाला कोणतें कपाट उघडण्याची मुभा असावी, बाहेरचा निरोप कोणत्या दारानें आंत यावा, हें ती ठरविते. त्या कायद्याखालीं बसून जो प्रत्यक्ष हुकूम सोडतो तो कार्यक्रम म्हणजे आपला कारभारी. अशा कार्यक्रमांपैकीं होम असिस्टंट हा बराच प्रसिद्ध आहे. पॉलस स्खाउटसेन या डच गृहस्थानें तो २०१३ सालीं लिहावयास घेतला, आणि २०२४ पासून त्याची मालकी ओपन होम फाउंडेशन या संस्थेकडे आहे. दिवे, झडपा, घंटा, सेन्सर हे झाले हाताखालचे शिपाई. आज आपण बोलत आहों तें असें कीं, दप्तरखान्याचा कायदा बदलला आणि कारभाऱ्याला नव्या कचेरींत नेऊन बसवावयाचें झालें, म्हणजे काय काय करावें लागतें.

येथें पहिला प्रश्न सहजच उभा राहतो. व्यवस्था नीट चालली आहे. मग चालत्या गाड्याला हात कां लावावा? हा प्रश्न आळसाचा आहे असें मी म्हणणार नाहीं. तो शहाणपणाचाहि असूं शकतो. परंतु त्याला तीन उत्तरें आहेत.

पहिलें उत्तर देखभालीचें. कोणतीहि मूळ प्रणाली माणसांनीं लिहिलेली असते आणि तींत फटी राहतात. त्या सांपडतील तशा बुजविण्याचें काम तिचे कर्ते करीत असतात. पण तें कायमचें करीत नाहींत. आपल्यापैकीं पुष्कळांच्या परिचयाची विंडोज १० ही प्रणाली घ्या. तिची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. आपल्या लहान पेटींतील प्रणाली बहुधा डेबियन नांवाच्या प्रणालीवर आधारलेली असते. ती १९९३ सालीं सुरू झाली आणि जगभरचे स्वयंसेवक ती चालवितात. तिच्या आवृत्तींना एका बोलपटांतील खेळण्यांचीं नांवें देण्याची मौजेची प्रथा आहे. अकरावी बुल्सआय ऑगस्ट २०२१ मध्यें, बारावी बुकवर्म जून २०२३ मध्यें आणि तेरावी ट्रिक्सी ऑगस्ट २०२५ मध्यें निघाली. साधारणतः दर दोन वर्षांनीं नवी आवृत्ति येते; प्रत्येकीची पूर्ण देखभाल सुमारें तीन वर्षें आणि त्यापुढें मर्यादित देखभाल आणखी दोन वर्षें होते. म्हणजे पांच वर्षांनंतर दाराची कडी झिजली तरी ती बदलावयास कोणी येणार नाहीं. आणि ही पेटी बाहेरच्या जगाशीं जोडलेली असते, हें विसरतां कामा नये. ज्या पेटीच्या हातीं घरचें दार आहे तिचीच कडी मोडकी असावी, हें कोणत्या गृहस्थाला रुचेल?

दुसरें उत्तर असें कीं, कारभारी स्वतःच जुन्या कचेरींत बसावयास नाखूष होतो. होम असिस्टंटच्या चालकांनीं मे २०२५ मध्यें जाहीर केलें कीं, वापरणाऱ्यानें स्वतः सांभाळलेल्या प्रणालीवर तो थेट बसविण्याच्या दोन जुन्या पद्धति, आणि तसेंच ३२ बिटांचे जुने संगणक, यांना यापुढें आधार मिळणार नाहीं. त्यासाठीं सुमारें सहा महिन्यांची मुदत देण्यांत आली. ज्यांनीं ती नोटीस वाचली त्यांनीं सवडीनें बिऱ्हाड हलविलें. ज्यांनीं वाचली नाहीं त्यांची व्यवस्था एकाएकीं बंद पडली नाहीं, परंतु ती त्या दिवसापासून पोरकी झाली.

तिसरें उत्तर गणिताचें आहे, आणि शिक्षकाला तें अधिक आवडावें हें साहजिक आहे. या जातीच्या प्रणाली काळ मोजतात तो १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांनीं. जुन्या ३२ बिटांच्या मोजणींत धन संख्येसाठीं ३१ घरें मिळतात. दोनाचा एकतिसावा घात म्हणजे २,१४,७४,८३,६४८. एवढे सेकंद म्हणजे अडुसष्ट वर्षांहून किंचित् अधिक. तेव्हां १९ जानेवारी २०३८ रोजीं, आपल्या घड्याळांत सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटें व ७ सेकंद झाले कीं, पुढच्या सेकंदाला ती मोजणी उलटून १९०१ सालांत जाऊन पडते. डेबियनच्या तेराव्या आवृत्तींत बहुतेक ३२ बिटांच्या यंत्रांसाठींहि काळाचें हें माप ६४ बिटांचें करण्यांत आलें आहे. जुन्या प्रणालीला चिकटून राहणाऱ्या घरच्या घंटा त्या दिवशीं कोणत्या शतकाप्रमाणें वाजतील याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

आतां बदल करावयाचा हें ठरल्यावर तो कसा करावा, हा खरा प्रश्न. आणि या बाबतींत आपल्याला परदेशीं धडे घेण्याचें कारण नाहीं. कारण चालू व्यवस्था न मोडतां तिचें मूळ बदलण्याचा अनुभव मुंबईइतका फार थोड्या शहरांना असेल.

रेल्वेचेंच उदाहरण घ्या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी धांवली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. पुढें तो दाब अपुरा पडूं लागला आणि २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणावयाचें ठरलें. परंतु दादरला ज्या गर्दींत आपण उभे राहतों ती गर्दी, "चार महिने गाडी बंद ठेवतों" असें सांगून घरीं बसविण्यासारखी आहे काय? म्हणून आधीं दोन्हीं प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या तयार करण्यांत आल्या. मार्गाचा एक भाग बदलला, तो स्थिरावला, मग पुढचा भाग. पश्चिम रेल्वेचें काम २०१२ सालीं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचें २०१५ सालीं व हार्बर मार्गाचें २०१६ सालीं पुरें झालें. वर्षानुवर्षें चाललेल्या या उलाढालीची जाणीव बहुसंख्य उतारूंना झालीहि नाहीं. आणि माझ्या मतें बदल करणाऱ्याला याहून मोठें प्रशस्तिपत्र नाहीं.

ट्रॅमचीहि गोष्ट तशीच. १८७४ सालीं घोड्यांची ट्रॅम सुरू झाली आणि १९०७ सालीं विजेची. पण विजेची आली त्याच क्षणीं घोडे सोडून दिले असें झालें नाहीं. आणि मुंबईच्या वेळेची कथा तर याहून बोधप्रद आहे. १९०६ च्या आरंभीं हिंदुस्थानची प्रमाण वेळ येथें लागू झाली. ती ग्रिनिचच्या पुढें साडेपांच तास. मुंबईची स्वतःची वेळ ४ तास ५१ मिनिटें पुढें. अंतर ३९ मिनिटांचें. लोकांना विश्वासांत न घेतां केलेला हा बदल मुंबईनें मनानें स्वीकारला नाहीं, आणि मुंबईची वेळ या ना त्या रूपानें १९५५ पर्यंत टिकून राहिली. जवळजवळ पन्नास वर्षें एका शहरांत दोन वेळा! यंत्र बदलणें एक दिवसाचें काम असतें. माणसें बदलण्याला पिढी लागते.

या उदाहरणांवरून जे नियम निघतात ते आपल्या तळहाताएवढ्या पेटीला अगदीं जसेच्या तसे लागू पडतात. आमच्या दादरच्या घरीं गेल्या वर्षीं ही बदली झाली ती याच क्रमानें झाली. माझा भाचा या विद्येंत तरबेज आहे. तो म्हणाला, "मामा, मी हात चालवतों, तुम्ही वही धरा." आणि वही धरणें हें मास्तराला शिकवावें लागत नाहीं.

पहिलें काम मोजदादीचें. घरांत कोणकोणते शिपाई आहेत, प्रत्येकाचें नांव काय, तो कोठें बसला आहे, त्याला हुकूम कोणत्या प्रसंगीं मिळतो, हें सर्व लिहून काढावें. बारा वस्तूंची यादी असेल असें आम्हांस वाटत होतें, ती एकोणीस निघाली. वापरांतून गेलेला एक सेन्सर कपाटामागें बॅटरी संपून पडलेला होता, तोहि या मोजणींत सांपडला. घर बदलतांना सामान जसें उजेडांत येतें तसें येथेंहि होतें.

दुसरें काम प्रत काढण्याचें. कारभाऱ्याचें सगळें दप्तर, त्याचे नियम, शिपायांचीं नांवें आणि विशेषतः ज्या गुप्त किल्लीनें हे शिपाई बिनतारी संदेश ओळखतात ती किल्ली, या सर्वांची प्रत काढावी. झिग्बी जातीच्या बिनतारी जाळ्यांत ही किल्ली हरवली तर एकेका दिव्याला आणि एकेका सेन्सरला हातानें पुन्हां नोंदवावें लागतें. आणि ही प्रत त्याच पेटींतील मेमरी कार्डावर ठेवूं नये. तीं कार्डें वारंवार लिहिल्यानें झिजतात व एके दिवशीं न सांगतां जातात. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरींतच ठेवण्यासारखा तो प्रकार होईल.

तिसरा नियम इयत्ता न गाळण्याचा. डेबियनच्या अकराव्या आवृत्तीवरून जागच्या जागीं तेरावीला जावयाचें असेल तर मध्यें बारावीचा मुक्काम करावाच लागतो. एकदम दोन पायऱ्या चढण्यास तिचे कर्ते संमति देत नाहींत. रासबेरी पायचे कर्ते तर मोठ्या बदलासाठीं जागच्या जागीं डागडुजी न करतां नव्या कार्डावर नवी प्रणाली बसवावी असाच सल्ला देतात. आम्ही तो मानला. त्यांत एक मोठा लाभ आहे. जुनें कार्ड जसेंच्या तसें काढून पाकिटांत ठेवतां येतें. नव्या कार्डानें दगा दिला तर पेटी बंद करावी, जुनें कार्ड घालावें, आणि पांच मिनिटांत घर पूर्ववत् व्हावें. रेल्वेनें दोन प्रवाहांच्या गाड्या केल्या त्यांतला हेतु हाच. परतीची वाट शाबूत असली म्हणजे पुढें पाऊल टाकतांना हात कांपत नाहीं.

चौथी गोष्ट नांवांची. बिनतारी संदेशाची कांडी पेटीला जोडलेली असते, आणि प्रणाली तिला अनुक्रमांकानें हांक मारते. नव्या प्रणालींत हा अनुक्रम फिरूं शकतो. मग कारभारी भलत्याच दाराशीं उभा राहून शिपायांना हांका मारतो आणि कोणी ओ देत नाहीं. म्हणून कांडीला तिच्या अनुक्रमांकानें न ओळखतां तिच्या अंगच्या कायम ओळखीनें ओळखावें. वर्गांत "तिसऱ्या बाकावरचा मुलगा" असें न म्हणतां मुलाला नांवानें हांक मारावी, तसेंच हें. बाक बदलतात, नांव बदलत नाहीं.

पांचवी गोष्ट वेळेची. नवी प्रणाली पुष्कळदां ग्रिनिचचें घड्याळ लावून येते. आमच्याकडे पाण्याची झडप पहाटे साडेचारला उघडते. घड्याळ ग्रिनिचचें राहिलें असतें तर तीच झडप आपल्या सकाळच्या दहाला उघडली असती, आणि तोंपर्यंत नळाचें पाणी निघून गेलेलें असतें. मुंबईच्या ३९ मिनिटांनीं पन्नास वर्षें घोटाळा केला. साडेपांच तासांनीं काय होईल तें निराळें सांगावयास नको.

सहावी गोष्ट जुन्या गृहीतकांची. हिचें उदाहरण संगणकांतलें नसून स्वयंपाकघरांतलें आहे. सिलिंडरमधला गॅस हवेहून जड असतो, गळती झाली तर तो जमिनीलगत सांठतो. म्हणून त्याचा सेन्सर खालीं लावतात. नळीनें येणारा गॅस बव्हंशीं मिथेन असतो, तो हवेहून हलका असल्यामुळें वर चढतो. त्याचा सेन्सर छताजवळ पाहिजे, आणि तोहि त्या गॅससाठीं बनविलेला पाहिजे. १९९५ सालीं महानगर गॅसची स्थापना झाल्यानंतर मुंबईंतील असंख्य घरांत सिलिंडर जाऊन नळी आली. ज्या घरांत नळी आली पण सेन्सर खालींच राहिला, त्या घरांत यंत्र चालू आहे, दिवा हिरवा आहे, आणि राखण मात्र शून्य आहे. प्रणाली बदलतांना प्रत्येक नियमाला विचारावें: "तूं ज्या कारणासाठीं केला गेलास तें कारण अद्याप आहे काय?" आणि गॅसच्या इशाऱ्याची घंटा तर कधींच कारभाऱ्यावर अवलंबून ठेवूं नये, ती सेन्सरच्या स्वतःच्या पोटांत असावी.

शेवटचें काम परीक्षेचें. सर्व बसवून झाल्यावर पेटीची वीज एकदां मुद्दाम बंद करावी व पुन्हां चालू करावी. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली होती, तें आपणांस आठवत असेल. वीज परत आल्यावर कोणाच्याहि मदतीवांचून कारभारी उठून कामाला लागतो कीं नाहीं, हें त्या दिवसाची वाट न पाहतां आपणच पाहून ठेवावें.

श्रोतेहो, येथवर मी जें सांगितलें तें हुशार मुलगा पुस्तकांतून शिकूं शकेल. जें पुस्तकांत नसतें तें आतां सांगतों, आणि त्यासाठींच मी आज बोलावयास आलों आहें.

गिरगांवांत माझ्या परिचयाचें एक घर आहे. तेथें ऐंशी वर्षांच्या एक आजी एकट्याच राहतात. मुलगा परदेशीं आहे. मुलगा मोठा गुणी, आईची काळजी करणारा. त्यानेंच सुटींत येऊन घरांत ही सारी सोय केली. बोळांत दिवा बसविला, तो हुकुमानें लागणारा. त्याचें भिंतीवरचें बटण कोणी चुकून बंद केलें तर दिव्याची वीजच तुटेल आणि तो हुकूम ऐकणार नाहीं, म्हणून त्या बटणावर त्यानें चिकटपट्टी लावली आणि आईला बजावलें, "आई, याला कधीं हात लावूं नकोस." पुढें प्रणाली बदलण्याची वेळ आली तेव्हां त्यानें तें काम तिकडूनच करावयास घेतलें. त्याची दुपार ती आपली मध्यरात्र. काम अर्ध्यावर आलें असतां नव्या प्रणालीनें घरच्या जाळ्यावरचा पेटीचा ठराविक पत्ता जुन्या दप्तरांतून उचलला नाहीं. पेटी चालू होती, पण तिचें दार कोणत्या गल्लींत आहे तें त्याला सांपडेना. तो तिकडे हजारों मैलांवर तळमळत बसला. आणि इकडे आजी रात्रीं उठल्या, बोळांत आल्या, दिवा लागला नाहीं.

त्या पडल्या नाहींत, ही देवाची कृपा. भिंतीला हात लावून त्या तशाच खालीं बसल्या आणि उजाडेपर्यंत बसून राहिल्या. सकाळीं दूधवाला आला, त्याच्या हांकेनें शेजारीण धांवली. मी दुसऱ्या दिवशीं भेटावयास गेलों तेव्हां त्या मला म्हणाल्या, "मास्तर, बटण हाताखालींच होतें हो. पण तो म्हणाला होता ना, हात लावायचा नाहीं म्हणून." पट्टी काढून तें बटण एकदां बंद करून चालू केलें असतें तर दिवा लागला असता, तशा दिव्यांची ती सर्वसाधारण रीतच आहे. ती आजींना कोणी सांगितली नव्हती.

मुलाचा येथें दोष काढावा असें मला वाटत नाहीं. जो दूर आहे तो जवळ येण्यासाठीं यंत्राचा हात धरतो, हें मी समजूं शकतों. परंतु या प्रसंगांत बिघडलें तें केवळ यंत्र नव्हे. घरांत राहणाऱ्या माणसाची घरावरची सत्ता कोणाच्या लक्षांत न येतां काढून घेतली गेली होती, आणि यंत्र चालत होतें तोंवर तें कोणाला दिसलें नाहीं. प्रणालीच्या बदलानें तें उघड केलें, एवढेंच. चाळींत पूर्वी पाणी आलें म्हणजे पहिल्या मजल्यावरची कोणीतरी हांक मारी आणि ती हांक जिन्यानें वर वर जात असे. ती व्यवस्था आजच्या मानानें गैरसोयीची खरी. पण तींत प्रत्येकाला पुढची पायरी ठाऊक असे, आणि एक आवाज बसला तर दुसरा उठे.

म्हणून माझें सांगणें असें. पहिलें, जें जें आपोआप चालतें तें तें हातानेंहि चाललें पाहिजे, आणि कसें तें घरांतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला करून दाखविलेलें पाहिजे. नुसतें सांगितलेलें नव्हे, त्याच्या हातून करून घेतलेलें. दुसरें, बदल दिवसाउजेडीं करावा, घरांत जाणतें माणूस असतांना करावा, आणि घरच्या माणसाला विचारून करावा. ज्याच्या बोळांतला दिवा आहे त्याची संमति घेणें हा उपचार नसून न्याय आहे. तिसरें, एक वही ठेवावी, ती मराठींत असावी आणि मोठ्या अक्षरांत असावी. तींत तीनच गोष्टी असल्या तरी पुरे: कोणती वस्तु कोठें आहे, ती बंद पडली तर हातानें काय करावें, आणि कोणाला हांक मारावी. हांक मारावयाच्या माणसांत एक तरी नांव त्याच इमारतींतलें असावें. परवलीचे शब्द वहींत लिहूं नयेत. ते पाकिटांत बंद करून दोन विश्वासू माणसांजवळ ठेवावेत, कारण कारभारी जाणणारा एकटाच असला आणि उद्यां तो नसला, तर सगळें घर त्याच्या आठवणींत कुलूपबंद होतें.

आमच्या घरची वही स्वयंपाकघराच्या दाराआड खुंटीला टांगलेली आहे. सौभाग्यवतींना संगणकाचें वावडें. पण बदलीनंतर दुसऱ्याच आठवड्यांत टाकीची झडप अडकली, तेव्हां मी बाजारांत होतों. त्यांनीं वही काढली, सातवें पान उघडलें, तोटी उजवीकडे फिरवून पाणी बंद केलें, आणि मी आल्यावर एवढेंच म्हणाल्या, "तुमचें अक्षर अजून वाचतां येतें."

नव्या प्रणालीपुढेंहि आणखी नवी येणार आहे. दोन वर्षांनीं पुन्हां नवें नांव, नवें कार्ड, नवी खटपट. त्याला कंटाळून चालणार नाहीं, आणि त्याला भुलूनहि चालणार नाहीं. ज्यांच्या घरीं अशी पेटी आहे त्यांनीं येत्या रविवारीं निदान एवढें करावें: घरांतल्या वडीलधाऱ्या माणसाला बोळांत न्यावें, बटणावर पट्टी असेल तर ती काढावी, आणि त्याच्याच हातानें तो दिवा एकदां लावून पाहावा.